समजुतीत कमीत कमी बदल केला, तरी सत्य का हुकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे तत्त्वज्ञानात एम.ए. करताहेत आणि प्रबंधासाठी बिलीफ रिव्हिजन, म्हणजे नवी माहिती आल्यावर समजुती कशा बदलाव्यात याचा अभ्यास, हा विषय घ्यायचा म्हणताहेत. नवी माहिती आली की जुन्या समजुतींना शक्य तितका कमी धक्का लावावा, हा विवेकी माणसाचा नियम, असं त्यांनी एका ठिकाणी वाचलं. दुसरीकडे तर्कशास्त्रज्ञ नीना गेराशिमचुक यांच्या कामात वाचलं की सगळ्यात कमी बदल करणारी पद्धत काही साध्या गोष्टीसुद्धा कधीच शिकू शकत नाही. ‘यातलं खरं काय? आणि गणित फारसं येत नसताना हा विषय झेपेल का?’

दोन्ही खरं आहे. विरोध भासतो, कारण ‘कमीत कमी बदल’ म्हणताना बदल नेमका कशात मोजायचा हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलंच नसतं. मत कमी बदलणं वेगळं आणि मतामागची क्रमवारी, म्हणजे कोणती शक्यता किती पटते त्याचा क्रम, कमी बदलणं वेगळं. पहिल्याने काही बिघडत नाही, घात दुसऱ्याने होतो. हे नीट कळलं तर तुमचा निम्मा प्रबंध उभा राहील, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

आधी दोन परंपरा. पहिली १९८५ ची. कार्लोस आल्चुरोन, पीटर गार्डनफोर्स आणि डेव्हिड मॅकिन्सन यांचा निबंध त्या वर्षी आला आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून त्या चौकटीला एजीएम म्हणू लागले. तुमच्याकडे विधानांचा एक सुसंगत संच आहे आणि त्याला न जुळणारं नवं विधान आलं. आता काय सोडायचं, काय ठेवायचं? एजीएमने यासाठी काही अटी घातल्या. नवं विधान स्वीकारलं गेलं पाहिजे, ते स्वतःच विसंगत नसेल तर निकालही सुसंगत हवा, आणि ते आधीच्या समजुतींशी जुळत असेल तर काहीच न सोडता नुसती भर घालावी. पुढे १९८८ मध्ये अ‍ॅडम ग्रोव्ह यांनी दाखवलं की या अटी पाळणं म्हणजे मनात सगळ्या शक्यतांची एक क्रमवारी बाळगणं, आणि नवं विधान आलं की त्यात बसणाऱ्या शक्यतांपैकी सगळ्यात वरच्या निवडणं. वाचताना या क्रमवारीवर बोट ठेवून चला. एजीएम एका पायरीबद्दल बोलतं. पहिली बातमी पचवल्यावर क्रमवारीचं काय करायचं, याबद्दल ते गप्प आहे.

दुसरी परंपरा शिकण्याच्या सिद्धांताची. मार्क गोल्ड यांचा १९६७ चा निबंध हे तिचं मूळ. तिथे प्रश्न वेगळाच आहे. निरीक्षणं एकामागून एक येताहेत आणि प्रत्येक निरीक्षणानंतर शिकणाऱ्याने एक अंदाज सांगायचा आहे. कधीतरी तो खऱ्या उत्तरावर पोचला आणि नंतर तिथून हललाच नाही, तर तो शिकला. आपण पोचलो हे त्याला कळायची गरज नाही. इथे एकेका पायरीवर तो किती शहाणा दिसतो हे कोणी पाहत नाही. पाहायचं ते एवढंच, की अखेर तो सत्यावर स्थिरावतो का.

गेराशिमचुक यांचा अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातला २०१० चा पीएच.डी. प्रबंध आणि त्यानंतर अलेक्झांड्रू बाल्टाग व सोन्या स्मेट्स यांच्यासोबतचं काम या दोन परंपरांच्या सांध्यावर आहे. त्यांचा प्रश्न असा: एजीएमच्या पठडीतल्या समजूत बदलण्याच्या पद्धती वारंवार वापरल्या, तर त्या गोल्डच्या अर्थाने शिकतात का?

तुलनेत तीन पद्धती येतात. क्रमवारीत वर असलेली शक्यता जास्त पटणारी, असं धरा.

कंडिशनिंगमध्ये निरीक्षणात न बसणाऱ्या शक्यता खोडून टाकायच्या, उरलेल्यांचा क्रम तसाच. लेक्सिकोग्राफिक पद्धतीत खोडायचं काहीच नाही. बसणाऱ्या सगळ्या शक्यता न बसणाऱ्यांच्या वर आणायच्या आणि दोन्ही गटांचा आपापला आतला क्रम राखायचा. मिनिमल रिव्हिजनमध्ये बसणाऱ्यांपैकी फक्त सगळ्यात वरची शक्यता उचलून माथ्यावर ठेवायची आणि बाकी क्रमाला हातही लावायचा नाही. ही तिसरी पद्धत क्रेग बुटिलिए यांनी नॅचरल रिव्हिजन नावाने मांडली. तुम्ही वाचलेला ‘कमीत कमी बदल’ तो हाच.

आता उदाहरण. पावसाळ्यातला तापाचा रुग्ण घ्या. शक्यता तीनच धरू: फक्त मलेरिया, फक्त डेंग्यू, किंवा दोन्ही. निरीक्षणंही दोनच: ‘मलेरिया पॉझिटिव्ह’ आणि ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’. निगेटिव्ह अहवाल येत नाहीत, आलेला अहवाल चुकत नाही, आणि जे खरं आहे ते कधी ना कधी अहवालात दिसतंच. प्रत्यक्ष दवाखान्यात असं नसतं हे उघड आहे, पण पद्धतींमधला फरक उघडा पडायला नमुना इतका सोपाच हवा.

क्रमवारी अशी: वर मलेरिया, मग डेंग्यू, तळाला दोन्ही. रुग्णाला खरं म्हणजे दोन्ही आहेत. मिनिमल रिव्हिजन चालवून पाहू. मलेरिया पॉझिटिव्ह आला. त्यात बसणाऱ्यांत वरची शक्यता ‘फक्त मलेरिया’, ती आधीच माथ्यावर आहे. काही हललं नाही. मग डेंग्यू पॉझिटिव्ह आला. त्यात बसणाऱ्यांत वर आहे ‘फक्त डेंग्यू’. ती माथ्यावर गेली. नवा क्रम: डेंग्यू, मलेरिया, दोन्ही. पुन्हा मलेरिया पॉझिटिव्ह आला की मलेरिया वर, पुन्हा डेंग्यू आला की डेंग्यू वर. अहवाल आलटून पालटून येत राहिले तर मत जन्मभर हेलकावे खातं. मलेरियाचा अहवाल एकदाच येऊन पुढे डेंग्यूचेच येत राहिले, तर मत ‘फक्त डेंग्यू’वर कायमचं ठाम बसतं, आणि तेही चुकीचं. ‘दोन्ही’ ही शक्यता माथ्यावर कधीच येत नाही.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे सुरुवातीची क्रमवारीच चुकली असेल. ‘दोन्ही’ आधीपासून वर ठेवली तर? तर रुग्णाला फक्त मलेरिया असताना अडकाल. येणारा प्रत्येक अहवाल ‘मलेरिया पॉझिटिव्ह’च असेल, तो ‘दोन्ही’तही बसतो, आणि वरची शक्यता बसतेय म्हटल्यावर पद्धत ती हलवणार नाही. बरोबरीत ठेवली तरी दोघांतून निवड होत नाही. म्हणजे ‘फक्त मलेरिया’ शिकायचा असेल तर तो ‘दोन्ही’च्या काटेकोरपणे वर हवा. हाच तर्क डेंग्यूलाही लागू. आणि एकदा हे दोघे ‘दोन्ही’च्या वर बसले की मिनिमल रिव्हिजन त्या तळच्या शक्यतेला कधीच उचलत नाही, कारण प्रत्येक अहवालात बसणारं कुणीतरी तिच्या वर असतंच. म्हणजे कोणतीही क्रमवारी घ्या, तीनपैकी किमान एक शक्यता शिकता येत नाही. सिद्धता एवढीच, यात कुठेही जड गणित नाही.

तीच सुरुवात कंडिशनिंगला द्या. मलेरिया पॉझिटिव्हने ‘फक्त डेंग्यू’ खोडला, डेंग्यू पॉझिटिव्हने ‘फक्त मलेरिया’ खोडला, उरलं ‘दोन्ही’. लेक्सिकोग्राफिकला द्या. पहिल्या अहवालानंतर क्रम मलेरिया, दोन्ही, डेंग्यू. दुसऱ्यानंतर दोन्ही, डेंग्यू, मलेरिया. पुढे कोणताही अहवाल आला तरी माथा हलत नाही.

इथे थांबून एक गोष्ट पाहा. मत बदलण्याच्या बाबतीत तिन्ही पद्धती सारख्याच सनातनी आहेत. समोरचा अहवाल सध्याच्या मतात बसत असेल तर तिघीही मत बदलत नाहीत, आणि एजीएमच्या अटी प्रत्येक पायरीवर तिघीही पाळतात. मग मिनिमल रिव्हिजनचं कुठे चुकलं? डेंग्यूच्या अहवालानंतर तिचं मत झालं ‘फक्त डेंग्यू’. त्या मतानुसार मलेरिया नाही, आणि मलेरियाचा अहवाल तर क्षणापूर्वीच हातात पडला होता! क्रम जपण्याच्या नादात तिने पुरावा गमावला. कंडिशनिंग पुरावा जपतं, कारण खोडलेलं परत येत नाही. निरीक्षणं खरी असतील तोवर लेक्सिकोग्राफिकही जपतं, कारण सगळ्या निरीक्षणांत बसणाऱ्या शक्यता आपोआप वर साठत जातात. पुरावा जपण्याचा हा गुण बाल्टाग, गेराशिमचुक आणि स्मेट्स यांनी वेगळा ओळखून मांडला, आणि त्यांच्या कामातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी तुकडा तोच.

त्यांचा मुख्य निष्कर्ष असा. एखादा शक्यतांचा संच कुठल्याही पद्धतीने शिकता येण्यासारखा असेल, तर योग्य सुरुवातीची क्रमवारी निवडून तो कंडिशनिंगनेही शिकता येतो आणि लेक्सिकोग्राफिकनेही. मिनिमल रिव्हिजनला हे साधत नाही. त्यांच्या शोधनिबंधात ‘युनिव्हर्सल’ हा शब्द येतो तो एवढ्याच अर्थाने. ‘कोणत्याही क्रमवारीने चालेल’ असा अर्थ घेऊ नका, विद्यार्थी इथेच सर्वांत जास्त घसरतात. पद्धत चांगली आहे म्हणताना एक क्रमवारी दाखवली तरी पुरतं, पण ती नापास आहे म्हणायचं तर सगळ्या क्रमवाऱ्या तपासाव्या लागतात.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते. निगेटिव्ह अहवालही येत असतील तर आपल्या उदाहरणात मिनिमल रिव्हिजनसुद्धा तरते. ‘दोन्ही’ माथ्यावर ठेवून सुरुवात करा. फक्त मलेरिया असेल तर डेंग्यू निगेटिव्ह आल्याबरोबर ‘फक्त मलेरिया’ वर जाईल आणि तिथेच राहील. डेंग्यूचंही तसंच. म्हणून कुठलाही निष्कर्ष लिहिताना प्रवाहात फक्त होकारार्थी निरीक्षणं आहेत की दोन्ही प्रकारची, हे पहिल्याच ओळीत सांगा. गोल्डच्या निबंधातला प्रसिद्ध नकारही, म्हणजे सगळे सांत (ज्यांतले घटक मोजून संपतात असे) संच आणि एक अनंत संच एकत्र शिकता येत नाहीत, हा होकारार्थी निरीक्षणांपुरताच आहे.

दुसरं, चुकीची निरीक्षणं. रुग्णाला फक्त मलेरिया आहे, पण मध्येच डेंग्यूचा खोटा पॉझिटिव्ह आला आणि नंतर निगेटिव्हने तो सुधारला गेला. कंडिशनिंगने तोवर ‘फक्त मलेरिया’ खोडलेला असतो. एकट्या उरलेल्या ‘दोन्ही’वर डेंग्यू निगेटिव्ह येऊन आदळतो आणि हाती रिकामा संच येतो. लेक्सिकोग्राफिककडे सगळं शिल्लक असतं. डेंग्यू निगेटिव्हमध्ये बसणारी एकमेव शक्यता, ‘फक्त मलेरिया’, थेट वर येते. चुका मोजक्याच असतील आणि प्रत्येक चूक पुढे कधीतरी सुधारली जात असेल, तर लेक्सिकोग्राफिक पद्धत टिकते आणि कंडिशनिंग कोसळते, असा सर्वसाधारण निष्कर्षही या तिघांनी दिला आहे. त्यामुळे कोणती पद्धत चांगली या प्रश्नाला मी सरसकट उत्तर देत नाही. माहितीचा उगम चुकत नाही याची खात्री असेल तर कंडिशनिंग सोपं आणि हिशोबाला हलकं. खात्री नसेल तर लेक्सिकोग्राफिक.

तिसरं थोडं अवघड, पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला रस वाटेल असं. सुरुवातीच्या क्रमवारीला माथा असलाच पाहिजे का? म्हणजे सगळ्यात जास्त पटणारी शक्यता नेहमी असायलाच हवी का? बहुतेक पाठ्यपुस्तकं हे गृहीत धरतात. आता हे पाहा. शक्यता क्रमांक ‘क’ म्हणजे ‘क आणि त्याहून मोठ्या सगळ्या संख्या दिसतील’. इथे क ही ० पासून पुढची कोणतीही पूर्ण संख्या. शिकायला हे अगदी सोपं आहे, आतापर्यंत दिसलेली सगळ्यात लहान संख्या सांगत राहा. पण क्रमवारीला माथा असेल, समजा ७ क्रमांकाची शक्यता तिथे आहे, आणि खरी शक्यता ८ असेल, तर ८, ९, १० काहीही दिसलं तरी ते ७ मध्ये बसतं. मत ७ वरून हलणार नाही. माथ्यावर कुणालाही बसवा, त्याच्या पुढचा क्रमांक अडकतो. मोठा क्रमांक नेहमी वर, अशी माथा नसलेली क्रमवारी घेतली की प्रश्न सुटतो. पहिली संख्या दिसताच कंडिशनिंगने मोजक्याच शक्यता उरतात आणि त्यांना माथा असतो. म्हणजे माथा असलाच पाहिजे ही निरुपद्रवी वाटणारी अट शिकण्याची ताकद कमी करते. यावर एक स्वतंत्र प्रकरण सहज होईल.

आणि ‘शिकला’ म्हणजे ‘त्याला कळलं’ असं लिहू नका. तापाच्या उदाहरणात फक्त मलेरियाचा रुग्ण असेल तर कंडिशनिंगचं मत पहिल्यापासून बरोबर असतं, पण खात्री कधीच होत नाही, कारण उद्या डेंग्यू पॉझिटिव्ह येऊ शकतो. खात्रीने कळू शकतं ते फक्त ‘दोन्ही’. स्थिर खरी समजूत आणि खात्रीचं ज्ञान यांतला हा भेद गेराशिमचुक यांच्या प्रबंधाचा मोठा भाग व्यापतो. सांत वेळेत खात्रीने ओळखणं आणि हळूहळू सत्यावर स्थिरावणं, अशा दोन वेगळ्या कसोट्या तिथे तर्कशास्त्राच्या भाषेत मांडल्या आहेत.

आता कामाचं. तुम्हाला लागणारं गणित एका सत्रात होण्यासारखं आहे: संच, संबंध, क्रम आणि बरोबरी चालणारा क्रम, वेल-फाउंडेड (ज्यात शक्यतांच्या प्रत्येक गटाला माथा असतो असा क्रम) म्हणजे काय, आणि प्रतिउदाहरण देऊन सिद्ध करण्याची सवय. विधान-तर्कशास्त्र आणि मोडल लॉजिक, म्हणजे शक्यता, ज्ञान यांसारख्या कल्पनांचं तर्कशास्त्र, यांची तोंडओळख हवी. कॅल्क्युलस लागत नाही, संभाव्यताशास्त्रही या वाटेवर लागत नाही.

थोडं पायथन येत असेल तर छोटी उदाहरणं यंत्राकडून तपासून घ्या, हाताने करताना बरोबरीच्या जागा हमखास सुटतात. शक्यता म्हणजे तिच्यात खऱ्या असलेल्या निरीक्षणांचा संच. क्रमवारी म्हणजे गटांची यादी, एका गटातले सगळे बरोबरीचे. तीन पद्धतींची तीन फंक्शनं, प्रत्येकी दहाएक ओळींची. तीन शक्यतांच्या बरोबरीसह १३ क्रमवाऱ्या होतात, चारांच्या ७५, पाचांच्या ५४१, सहांच्या ४,६८३. इथवर सगळ्या तपासणं साध्या लॅपटॉपला जड नाही.

तपासायचं कसं, यात लोक चुकतात. यादृच्छिक प्रवाह सोडून शंभर-दोनशे पावलं पाहिली आणि उत्तर स्थिर दिसलं, की पद्धत पास ठरवतात. त्याने काही सिद्ध होत नाही. प्रवाह अनंत असतो आणि वाईट प्रवाह मुद्दाम रचलेला असू शकतो. त्याऐवजी आलेख, म्हणजे अवस्था आणि त्यांना जोडणारे बाण यांचं जाळं, बांधा. एक अवस्था म्हणजे सध्याची क्रमवारी आणि आतापर्यंत दिसलेल्या निरीक्षणांचा संच, ही जोडी. खरी शक्यता ठरवा आणि तिच्यात खऱ्या असलेल्या प्रत्येक निरीक्षणासाठी एक बाण काढा. सगळी निरीक्षणं दिसून गेलेल्या अवस्थांमध्ये पोचता येण्याजोगं एखादं चक्र सापडलं, आणि त्यातल्या एका तरी अवस्थेत माथ्यावर खरी शक्यता एकटी नसेल, तर ती क्रमवारी त्या शक्यतेपुरती नापास. असं चक्र नसेल तर पास, आणि ही सिद्धता पक्की. एका अवस्थेवरून तिच्यावरच येणारा बाणही चक्रच धरा, तो विसरलात तर ‘फक्त डेंग्यू’वर ठाम बसणारा प्रवाह सुटेल. तापाच्या उदाहरणात जास्तीत जास्त १३ गुणिले ४, म्हणजे ५२ अवस्था होतात, कागदावरही काढता येतील.

विषय कुठला घ्यावा? तुम्ही तत्त्वज्ञानाचे, म्हणून ‘पुरावा जपणं हा विवेकाचा नियम मानावा का’ हा प्रश्न सुचवेन. एजीएममध्ये तो नाही. अदनान दरविश आणि ज्युडिया पर्ल यांनी १९९७ मध्ये वारंवार होणाऱ्या बदलांसाठी चार अटी घातल्या, पण मिनिमल रिव्हिजन त्याही पाळते. म्हणजे त्या अटी पाळूनही पुरावा हरवतो. त्यांच्याच निबंधातला लाल पक्षी पाहा: दूरवर पक्षी दिसला, जवळ आल्यावर तो लाल दिसला, मग जाणकार म्हणाला हा पक्षीच नाही. मिनिमल पद्धतीत ‘लाल’ ही समजूतही पक्ष्याबरोबर जाऊ शकते, जरी रंग डोळ्यांनी पाहिलेला असला. हा दोष त्यांनी स्वतःच नोंदवला आहे. या उदाहरणापासून तापाच्या उदाहरणापर्यंत एक सरळ युक्तिवाद बांधता येतो. विरुद्ध बाजूही मांडा: ‘अखेर सत्यावर पोचणं’ ही कसोटी कधी पोचणार हे सांगत नाही, मग ती आजच्या विवेकाचा निकष का मानायची? परीक्षक हे विचारणारच.

वाचताना आधी १९८५ च्या निबंधातल्या सिद्धतांत अडकू नका. अटी समजल्या की ग्रोव्ह यांच्या क्रमवारीकडे या, तिथून थेट गोल्डकडे, मग डेना अँग्लुइन यांच्या १९८० च्या निबंधातली टेल-टेल संचांची कल्पना, आणि त्यानंतर गेराशिमचुक. अँग्लुइन वगळलंत तर ‘योग्य सुरुवातीची क्रमवारी’ कुठून येते ते कळणार नाही. शक्यतांचा संच शिकता येण्यासारखा असेल, तर त्यातल्या प्रत्येक शक्यतेला एक सांत असा ओळखचिन्हांचा संच, म्हणजेच टेल-टेल, असतो. तो दिसल्यावर त्या शक्यतेच्या आत मावणारी, तिच्याहून लहान अशी कुठलीही शक्यता शिल्लक राहत नाही. क्रमवारी त्यावरूनच बांधली जाते. असोसिएशन फॉर लॉजिक इन इंडियाच्या शाळा आणि परिषदा होत असतात, तिथे हा विषय शिकवणारी माणसं भेटतात. जाताना तुमचं तीन-चार शक्यतांचं स्वतःचं एक प्रतिउदाहरण कागदावर तयार ठेवा, त्यावर बोलायला सोपं जातं.